मापाचा श्वास

बिश्केक, ५ जून

गाडी हलली तसा तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढलात. मला वाटलं निरोपाचा आहे, म्हणून मीही हात वर केला. तुमच्या बोटांत सिगरेट होती. एसेनगुल स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. दाजी, भर बाजारात मी एका सिगरेटला हात हलवून निरोप दिला.

तासाभरापूर्वी सर्जननं जे सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण ऐकताना तुम्ही भिंतीवरचं घड्याळ बघत होतात. तुमच्या उजव्या फुप्फुसात गाठ आहे. मुठीएवढी, पाण्यानं भरलेली. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी तुमच्या पोटात गेली, त्यांची. ती वाढत राहते. खोकताना फुटली तर घोड्यावरून खाली उतरायलाही वेळ मिळणार नाही. काढताना फुप्फुसाचा एक भाग जाऊ शकतो, आणि मग उरलेल्या भागावर जगता आलं पाहिजे. म्हणून तुम्हाला माझ्या खोलीत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात दीड लिटर हवा बाहेर आली नाही तर सर्जन सुरीला हात लावत नाही. तुमची एक पॉइंट सहा आली. काठावर पास झालात.

तारीख दहा सप्टेंबर. त्याआधी आठ आठवडे तंबाखू बंद, म्हणजे सोळा जुलैपासून. सर्जननं विचारलं, हे सोडतील का? मी म्हटलं, माझे दाजी आहेत, मी बघते. आता मला त्या माणसासमोर जाताना लाज वाटते.

एकवीस वर्षं मी त्या खोलीत माणसांना फुंकायला लावते आहे. ओढणारा माणूस दारात उभा राहिला की मला कळतो. आणि खोटं बोलणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मी स्वतः फुंकते. मशीन बरोबर आहे की नाही ते माझ्या श्वासावरून ठरतं. सगळ्या विभागात न ओढणारी मी एकटीच. सर्जनसुद्धा ओढतो.

ताईला सांगा, कुत्र्यांना जंताचं औषध द्यायचं राहिलंय.

बुरुल


सुसामीर, १२ जून

मास्तरीणबाई,

तुझं पत्र एसेनगुलनं कुमिसच्या रिकाम्या पिंपात टाकून आणलं. घोडीच्या आंबट दुधाचा वास लागला होता, म्हणून वाचावंसं तरी वाटलं.

गुन्हा कुत्र्याचा आणि शिक्षा सिगरेटला. कुत्रा तंबूच्या दाराशी ऊन खात पडलाय. त्याला कोणी तारीख दिलेली नाही.

धुराबद्दल तू मला शिकवू नकोस. माझ्या पाळण्याला आईनं आर्चाच्या, डोंगरातल्या त्या वासाच्या झुडपाच्या, फांदीचा धूर दिला. तुझी ताई या तंबूत पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही दिला. आजारी जनावराला देतात, मेलेल्याच्या घराला देतात. धुरानं वाईट निघून जातं हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक आहे. तुझ्या मशीनला एकवीस वर्षांत कळलं नाही.

आता आमच्याकडची नवलाई ऐक. पलीकडच्या तंबूतल्या तुरुसबेकनं सिगरेट सोडली. तोंडात एक रंगीत शिट्टी धरतो, ओढतो आणि नाकातून ढग काढतो. त्याच्या अंगाला खरबुजाचा वास येतो. खरबुजाचा वास येणारा मेंढपाळ मी जन्मात पाहिला नव्हता. मेंढ्या मान वळवून त्याच्याकडे बघतात. मी म्हटलं, अरे, यात विस्तव कुठाय? तो म्हणतो, दादा, विस्तव नाही हीच तर गंमत. ही नुसती वाफ आहे, चहाच्या किटलीतून निघते तशी. मी म्हटलं, मग किटलीच ओढ, चहा तरी मिळेल.

तरी एक विचारतो. ही वाफ तंबाखूत धरतात का? नसतील धरत तर सोळा जुलैचं काहीतरी जमवता येईल. चाळीस वर्षांची सवय आहे, ती काही टोपी नाही, की पाहुणे आले म्हणून काढून ठेवली.

कालिपा म्हणते औषध दिलं. कुत्रा तिच्याशी बोलत नाही.

शायमबेक


बिश्केक, १९ जून

दाजी,

तुमच्या वडिलांच्या पाळण्यालाही धूर दिला असेल. बावन्नाव्या वर्षी खोकून खोकून गेले, आणि ते गेल्यावर घराला पुन्हा धूरच दिला. सात पिढ्यांत साठी कितींनी पाहिली ते एकदा मोजा. मोजायला बोटं पुरतील.

आता तुमच्या शिट्टीचं. सिगरेटमध्ये पान जळतं. जळलं की डांबर होतं, विषारी वायू होतो, आणि कॅन्सर करणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या जळण्यातून येतात. वेपमध्ये, म्हणजे त्या शिट्टीत, काही जळत नाही. तार तापते, तिच्याभोवतीचं चिकट पाणी उडतं आणि त्याबरोबर निकोटिन आत जातं. निकोटिन तेच, त्यामुळं सवय सुटत नाही. तुरुसबेक म्हणतो तशी ती वाफही नाही. बारीक तेलकट थेंब असतात. त्यात तारेचा थोडा धातू असतो, आणि वासासाठी घातलेल्या गोष्टी असतात. त्या खायला चालतात. छातीत ओढायला चालतात का, हे धड कोणी पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं वेप ओढलेला माणूस अजून जगात झालेला नाही, म्हणून शेवटी काय होतं ते सांगायला कोणी येत नाही. सिगरेटवाले मात्र रोज सकाळी माझ्या दाराशी रांगेत बसलेले असतात.

म्हणजे सिगरेटपेक्षा कमी वाईट. हे मी मान्य करते, कारण मी मोजमापाचं काम करते. घाट उतरताना ब्रेक नसलेल्या ट्रकपेक्षा अर्धे ब्रेक असलेला ट्रक बरा. पण ज्याला घाट उतरायचाच नाही तोही वास चांगला येतो म्हणून त्यात चढून बसतो, याला काय म्हणायचं? आणि तुमच्यासारखे एक पाय या ट्रकात ठेवतात, एक त्यात. त्यांचं मला सगळ्यात जास्त हसू येतं. दोन्ही ओढणाऱ्याच्या पदरात फायदा काहीच पडत नाही.

सर्जनला विचारलं. तो म्हणाला, सगळं एकदम सुटलं तर उत्तम. नाही जमलं तर सिगरेट आजच बंद, सोळा जुलैपर्यंत वेप, मग तेही बंद. म्हणून सोबत एक पाठवते. यंदा वेपवर बंदी आली, दुकानात उघड मिळत नाही. ही एका पेशंटकडून काढून घेतलेली आहे. आधी दोनदा हलकं ओढायचं, तोंडातल्या तोंडात. तिसऱ्यांदा आत घ्यायचं. नाहीतर जळका वास येतो. कडेचा दिवा तीनदा लुकलुकला की चार्ज करायला सोलरला लावा. खिशात उभी ठेवा. आडवी ठेवली की गळते आणि डाग जात नाही.

सिगरेटची पाकिटं एसेनगुलकडे द्या. त्याला मी सांगून ठेवलंय.

बुरुल


सुसामीर, ३ जुलै

बुरुल,

शिट्टी मिळाली. दोन आठवडे झाले, सिगरेटला शिवलेलो नाही. एसेनगुलला विचार. पाकिटं त्याच्याकडे दिली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आनंदानं.

ओढायला काही दम नाही. लग्नात बायकांच्या रांगेत बसवल्यासारखं वाटतं. पण तू लिहिलंस तसंच केलं. आधी दोनदा हलकं, मग तिसरा. जळका वास आला नाही. दिवा तीनदाच लुकलुकतो. आडवी ठेवून पाहिली, गळली. डाग खरंच जात नाही. मग मी विचार करत बसलो. मेंढ्यांमागं बसलं की विचार करायला वेळच वेळ. हा जो पेशंट होता, ज्याच्याकडून तू ती काढून घेतलीस, तो तुला एवढं सगळं शिकवून गेला? डागाचंसुद्धा? फार सज्जन पेशंट. असे पेशंट आमच्याकडं पाठव.

आणि टोकाला दातांच्या खुणा आहेत. मी काही बोललो नाही, नुसती कालिपाच्या हातात दिली. ती म्हणाली, बुरुल शाळेत असताना घरात एक पेन्सिल धड राहत नसे.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. तुझ्या डोळ्यात तर खरबूज आहे.

एकच विचारतो. रोज सकाळी आधी तू फुंकतेस ना? मग ते मशीन तुला का पकडत नाही? की त्यालाही दाजींसारखं गोड बोलून गप्प केलंस?

शायमबेक

(खाली दुसऱ्या हस्ताक्षरात) दोन्ही ओढतात. सकाळी सिगरेट, दुपारनंतर ती. एसेनगुलला दिलेली पाकिटं रिकामी होती. कालिपा.


बिश्केक, २४ जुलै

दाजी,

तीन गुरुवार एसेनगुलला रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्यानं तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो.

दोन्ही ओढता. ठीक आहे. मला तुम्हाला शिव्या घालायच्या होत्या, चार ओळी लिहून फाडल्या.

ती वेप माझी आहे. चार वर्षं झाली. नवरा मॉस्कोला गेला त्या हिवाळ्यात विभागातल्या एकीनं हातात दिली. सिगरेट मी जन्मात कधी ओढली नाही. सिगरेटचा वास सासूबाई जिन्यातून ओळखतात. याचा कोणाला येत नाही. "तुम्ही ओढता का" असा प्रश्न मी दिवसातून तीस माणसांना विचारते. मला कोणी विचारलं तर मी नाही म्हणते, आणि खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. घाटाबद्दल, ट्रकबद्दल लिहिताना ती माझ्या एप्रनच्या खिशात होती. उभी.

आता मशीनचं. तुम्ही थट्टेत विचारलंत. मी त्या दिवशी वही काढली.

मशीन तपासायला खरं तर एक पंप लागतो. बरोबर तीन लिटर हवा मावणारा. आमचा पंप सहा वर्षांपूर्वी मोडला, नवा आला नाही. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की न ओढणाऱ्या माणसाचा श्वास मापाला घ्यायचा. माझा आकडा होता दोन पॉइंट नऊ. रोज फुंकायचं, दोन पॉइंट नऊ आलं की मशीन ठीक. दीड-दोन वर्षांनी आकडा खाली यायला लागला. दोन पॉइंट आठ, मग त्याच्याही खाली. मला वाटलं मशीन म्हातारं झालं. त्याला एक खुंटी असते, ती फिरवली की आकडा वाढवता येतो. मी दोन पॉइंट नऊ येईपर्यंत फिरवली. पुन्हा घसरला, पुन्हा फिरवली. चार वेळा. वहीत तारखा आहेत, माझी सही आहे. मोठे डॉक्टर मला शाबास म्हणाले होते, मशीनकडे लक्ष असतं म्हणून.

दाजी, मला एकदाही वाटलं नाही की मशीन ठीक असेल आणि मी बिघडले असेन. मी ओढत नव्हते ना.

परवा दुसऱ्या हॉस्पिटलातल्या एका ओळखीच्या बाईकडून पंप आणला. तीन लिटर हवा ढकलली. मशीननं तीन पॉइंट चौतीस दाखवले. तीनदा ढकलली. तेच.

हिशेब करून पाहिला. तुमचा आकडा एक पॉइंट सहा नाही. एक पॉइंट त्रेचाळीस आहे. दीडच्या खाली. तुम्ही पास नाही.

हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर दहा सप्टेंबर जाईल. तुम्ही म्हणाल तसं करते.

बुरुल


सुसामीर, ३१ जुलै

बुरुल,

वा. एकवीस वर्षं माणसांना तोंडावर खोटारडे म्हणालीस आणि सगळ्यात मोठं खोटं मशीनच्या पोटात घालून ठेवलंस. मी तुला हसणार होतो. दोन दिवस हसलोही.

मी दोन्ही ओढतो. कालिपानं लिहिलेलं मी वाचलं होतं. खोडाखोड नको म्हणून तसंच जाऊ दिलं, एवढंच. तू लिहिलं होतंस की दोन्ही ओढणाऱ्याला फायदा नाही. मी म्हटलं, मास्तरीण आहे, वाढवून सांगते. पूर्वी दिवसाला वीस ओढत होतो. आता पंधरा ओढतो आणि मध्ये तुझं खरबूज.

आता ऐक. सांगू नकोस.

एक पॉइंट सहा आणि एक पॉइंट त्रेचाळीस यात आहे काय? चहावर दोन फुंकरा मारल्या तर संपते तेवढी हवा. सर्जनला माझा श्वास मोजून काय करायचंय, गाठ काढायची आहे त्याला. ऑक्टोबरात खिंडीत बर्फ पडेल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ही गाठ मला ठेवील का, ते तूच मला पाच जूनला लिहून कळवलंस. परवा घोडं पाण्यात अडखळलं तर मी आधी लगाम सोडून छाती धरली. तुरुसबेकनं पाहिलं. एका खरबुजानं मला छाती धरताना पाहिलं.

तारीख आहे ती राहू दे. आणि "तुम्ही म्हणाल तसं" हे मला लिहू नकोस. उद्या मी टेबलावर गेलो तर म्हणशील, दाजींनीच सांगितलं होतं.

शायमबेक


बिश्केक, १४ ऑगस्ट

दाजी,

सांगितलं.

तुमचं पत्र वाचून मी आठवडाभर गप्प बसले. मग गेल्या गुरुवारी एसेनगुल आला, पत्र नव्हतं, तोंडी निरोप होता. कुमिसच्या बाटल्या उतरवता उतरवता म्हणाला, कालिपावहिनींनी सांगितलंय की सांगून टाक. मी विचारलं, आणखी काही? तो म्हणाला, आणखी म्हणाल्या की विधवा व्हायचं असेल तर मी घरीच होईन, त्यासाठी बिश्केकला जायला नको.

सर्जन गॅलरीत ओढत उभा होता. मी वही उघडून दाखवली, पंपाचे आकडे दाखवले. त्यानं सिगरेट विझवली नाही. ती बोटांत तशीच जळत राहिली. मग म्हणाला, चार वर्षांत काठावर पास झालेले किती? मी म्हटलं, एकोणीस. त्यातले किती टेबलावरून नीट खाली आले? मी म्हटलं, सतरा. त्या दोघांना माझ्याच आकड्यानं मारलं की त्यांच्या दुखण्यानं, हे आता कोणी सांगू शकत नाही. मी त्यांची नावं काढून बघितली आहेत. तुम्हाला लिहीत नाही.

मग त्यानं विचारलं, सुरू कशाला केलंस? मी म्हटलं, वास येत नाही म्हणून. तो म्हणाला, घरात वायू गळतो त्यालाही मुद्दाम वास घालावा लागतो, माणसं पळावीत म्हणून. तुझ्या वेपमध्ये उलटं केलं.

माझा खरा आकडा दोन पॉइंट सहा. वेपनं झालं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, वयानं थोडं, शहरातल्या हिवाळ्यातल्या कोळशानं थोडं, उरलेलं कशानं ते तू एकवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलीस. सिगरेट ओढली असतीस तर बहुधा याहून वाईट झालं असतं, हे त्याच बोटांत सिगरेट धरून त्यानं मला ऐकवलं. बरं वाटावं म्हणून असेल.

तुमची दहा सप्टेंबर गेली. मशीन पंपावर लावून दुरुस्त केलंय. सर्जन म्हणाला, एक ऑक्टोबरला खाली आणा, पुन्हा फुंकू दे. दीड आली तर दुसऱ्या दिवशी घेतो. नाही आली तर घेत नाही, कोणाचे दाजी असोत. आता तुमच्याकडे सात आठवडे आहेत. सिगरेट नाही, वेप नाही.

मला चौकशी लागली आहे. ते माझं मी बघते.

बुरुल


सुसामीर, २१ ऑगस्ट

बुरुल,

म्हणजे माझी तारीख दिलीस आणि बदल्यात मन हलकं करून घेतलंस. चांगला सौदा. बाजारात तुझ्याबरोबर जनावर विकायला यायला हवं.

कालिपाशी मी दोन दिवस बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी शिट्टी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचली. आत पाहिलं. कापसाचा एक बोळा, काळा, आणि केसाएवढी तार. एवढ्यासाठी तू आपली छाती दिलीस. मी निदान आगीला दिली. सिगरेटची पाकिटं होती ती तुरुसबेकला दिली. तो म्हणाला, दादा, मी तर सोडली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन्ही ओढताना दिसला. माणसाला फुकट मिळालं की तो नाही म्हणत नाही.

मी तुझ्यासाठी सोडलेली नाही, आणि तुझ्या सर्जनसाठी तर नाहीच. त्यानं आधी स्वतःची विझवावी. मला फक्त एवढं बघायचंय की चाळीस वर्षांचं धुराडं आधी थंड होतं की चार वर्षांची खरबुजाची वेल. तू ओढलीस तर मला लिही. खोटं लिहिलंस तरी कळेल. तू लांबलचक लिहायला लागलीस की काहीतरी झाकतेस.

शायमबेक


बिश्केक, ११ सप्टेंबर

दाजी,

थोडक्यात लिहिते.

सहा दिवस काढले. सातव्या दिवशी बाजारात मोज्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं काही न विचारता मोज्यांच्या जोडीत गुंडाळून नवी वेप हातात ठेवली. बसस्टॉपवर ओढली. घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं, कारण मला कोणाच्या तरी शिव्या हव्या होत्या आणि तुम्ही लांब आहात.

त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, तो गोड वास त्याचा? चार वर्षं मी शेजारणींना सांगत आले, माझ्या सुनेचा साबण महागाचा आहे म्हणून. मग बराच वेळ चिरत राहिल्या. मग म्हणाल्या, माझ्या घरात विडी ओढणारी सून चालली असती, निदान कळलं असतं कोण काय करतंय.

वेप त्यांनी घेतली. कुठं ठेवली ते सांगत नाहीत. मी शोधली, सापडली नाही. आज नववा दिवस. सकाळी बोटं थरथरतात, पेशंट बघतात. एक म्हातारा म्हणाला, बाई, तुम्हीही सोडताय वाटतं? ओढणारा माणूस दारातून कळतो म्हणे.

तुमचं?

बुरुल


सुसामीर, १८ सप्टेंबर

बुरुल,

तीस दिवस. तुझ्या नऊला हसायला वेळ नाही.

खोकला वाढलाय. तू म्हणशील छाती साफ होतेय. होत असेल. पण मी खोकलो की कालिपा हातातलं काम थांबवते आणि माझ्या तोंडाकडं बघत राहते, खोकला संपेपर्यंत. मी दोन्ही हातांनी छाती धरून खोकतो, अंडं धरावं तसं. हे एसेनगुलला सांगू नकोस, तो गाडीत सगळ्यांना सांगेल.

घोड्यावर चढायचं बंद केलं. कळप तुरुसबेक उतरवेल. मी, शायमबेक, पुढच्या मंगळवारी बायकांबरोबर गाडीतून उतरणार.

आणखी एक. नाकाला वास यायला लागलेत. एसेनगुलच्या गाडीचा येतो, कुत्र्याचा येतो, लोकरीच्या नमद्याचा येतो. माझ्या कोटाचा आला तेव्हा मी कालिपाला विचारलं, हे असंच होतं का चाळीस वर्षं? ती म्हणाली, हो. मी म्हटलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तुझ्या मेहुणीसारखी शिकलेली असते तर बोलले असते.

दीड आली नाही तर तू मला तोंडावर सांग. सर्जनकडून नको.

शायमबेक


बिश्केक, १ ऑक्टोबर

ताई,

एसेनगुल दुपारी निघतोय, म्हणून लगेच लिहिते. तू मेंढ्यांपाशी राहिलीस ते बरं केलंस. इथं तुला बघवलं नसतं.

आज दाजींना फुंकायला मी बसवलं नाही. चौकशी संपेपर्यंत मला मशीनला हात लावायचा नाही. आयझादा नावाची नवी मुलगी आहे, चोवीस वर्षांची. सकाळी पंपानं मशीन तपासलं, मग तिनं त्यांच्या नाकाला चिमटा लावला. मी दाराशी उभी होते. ते तिला म्हणाले, पोरी, तू काही ओढतेस का? ती लाजली. नाही म्हणाली. ते म्हणाले, इथं नाही म्हणणाऱ्यांचं काही खरं नसतं.

तीनदा फुंकायचं असतं, त्यातलं उत्तम धरतात. पहिल्यांदा एक पॉइंट चव्वेचाळीस. मध्येच खोकला आला आणि त्यांनी दोन्ही हातांनी छाती धरली, मी आत धावले, आयझादानं मला अडवलं. खोकला थांबला. दुसऱ्यांदा एक पॉइंट एकोणपन्नास. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, तोंडावर सांगायचं ठरलं होतं. मी म्हटलं, नापास. एका फुंकरीनं. ते म्हणाले, मशीन बरोबर आहे ना? मी म्हटलं, आता आहे.

मग त्यांनी मला एक शिवी दिली. मोठी. आयझादा पुढं आली, मी तिला थांबवलं. त्यांनी नळी तोंडात धरली आणि फुंकलं.

एक पॉइंट बावन्न.

सर्जननं कागद उजेडाकडं धरून पाहिला. उद्या सकाळी घेतो म्हणाला. आत्ता ते खाटेवर बसून शेजारच्या पेशंटला वेपमध्ये आत काय असतं ते सांगतायत, कापसाचा बोळा आणि तार. मीही पेशंटच आहे असं समजून तो मला बसायला जागा देतो.

बुरुल


२ ऑक्टोबर

ताई, सकाळी आठला त्यांना आत नेलं. साडेअकराला बाहेर आणलं. गाठ न फुटता निघाली. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढावा लागला. उरलेल्यावर श्वास चालू आहे.